कानात घूंऽऽ

गेममध्ये मी नेहमी पाठीत गोळी खाऊन मरतो. टीममधली नागपूरची पोरं विचारतात, "अरे, पावलं नाही ऐकू आली?" नाही आली. मला फोंड्यातल्या आमच्या घरचा पंखा ऐकू येतो.

म्हणून पणजीला जाऊन हेडसेट आणला. दुकानातल्या मुलाने 'सेव्हन पॉइंट वन' म्हणत खोका पुढे केला. सात बाजूंचे सात आवाज आणि वर एक घुमणारा, असा त्याचा अर्थ. प्रत्यक्षात आत स्पीकर दोनच, बाकीचा सगळा सॉफ्टवेअरचा हिशेब. म्हटलं, असू दे, कान तरी माझे कुठे आठ आहेत?

घरी लावून बघतो तर मी सगळ्यांना ऐकतोय, मला कोणीच ऐकत नाही. आमच्या घरात हे नवीन नाही, त्यामुळे लक्षात यायला दोन दिवस गेले. पिनेवर तीन काळी कडी होती. ती मोबाइलची पिन, आवाज आणि माइक एकत्र. माझ्या जुन्या पीसीला मात्र हिरवं भोक वेगळं, गुलाबी वेगळं. दोन शेपट्यांच्या वीतभर वायरीसाठी पुन्हा कदंबची बस!

त्यात मे महिना. बंद कपांचा हेडफोन म्हणजे दोन्ही कानांवर वाफाळती सान्नां, म्हणजे आमच्याकडच्या इडल्या, बांधून बसणं. मावसभावाला दया आली. त्याने आपला उघड्या जाळीचा 250 ओहमचा, म्हणजे जास्त जोर मागणारा, हेडफोन दिला. कानांना वारा लागला, पण माझ्या मदरबोर्डला तो पेलवेना. आवाज पूर्ण चढवला तरी शत्रू पलीकडच्या वाड्यावर चालतोय असं वाटे. "साउंड कार्ड घाल," भाऊ म्हणाला आणि 1989 साली साउंड ब्लास्टर नावाचं कार्ड आलं तिथपासूनचा इतिहास त्याने ऐकवला. तो मात्र मला स्पष्ट ऐकू आला.

मावसभावाच्या हेडफोनला माइक नव्हता, म्हणून वेगळा घेतला. कंडेन्सर. बारीकसारीकही टिपतो म्हणे. पहिल्याच संध्याकाळी कोपऱ्यावर पोदेराने, म्हणजे सायकलवरच्या पाववाल्याने, भोंगा पों पों केला आणि नागपूरची पोरं पटापट झाडांमागे लपली. त्यांना वाटलं, गेममध्ये गाडी आली. मी उंडे पाव आणायला उठलो, तेवढ्यात मेलो.

बाबांची हयात जत्रेतल्या नाटकांत गेली. त्यांनी माइक उलटसुलट करून पाहिला. "हा दुरून ऐकणारा. नाटकात वर टांगायला बरा. तुला बहिरा माइक हवा. तोंडाजवळ धर, पण जरा कडेला, नाहीतर 'प' नि 'फ' आदळतात." बहिऱ्या माइकला दुकानात डायनॅमिक म्हणतात. तो आला आणि पोदेर गप्प झाला.

एवढं सगळं जुळलं आणि कानात घूंऽऽ सुरू झालं. माउस हलवला की त्यात चिर्रर्र. भावाच्या सांगण्यावरून घातलेलं साउंड कार्ड पीसीच्या पोटात ग्राफिक्स कार्डाला खेटून बसलेलं, म्हणून ते काढून यूएसबीचं बाहेरचं घेतलं. चिर्रर्र गेलं. घूं मात्र घरजावयासारखं मुक्कामाला. वर पीसीच्या डब्याला हात लावला की मुंग्या.

शेवटी वायरमनला बोलावलं. त्याने हेडफोनकडे ढुंकूनही पाहिलं नाही. थेट घराच्या मागे गेला, खड्ड्यावरचं झाकण उचललं आणि म्हणाला, "अर्थिंग सुकलां मरे. दोन बालद्यो उदक घाल."

पीसीच्या पॉवर सप्लायमधून थोडा करंट गळतच असतो, तो जमिनीत उतरायला माती ओली लागते. आमच्या आवारात खाली सगळा चिऱ्याचा कातळ, मेपर्यंत खणखणीत वाळलेला. म्हणजे जिरायला वाट न मिळालेला करंट माझ्या कानात येऊन घुमत होता. मी दोन बादल्या ओतल्या, वर मूठभर मीठ. आत येऊन हेडफोन चढवला. शांत! इतकं शांत, की चालू आहे ना हे बघायला मी पिन दोनदा काढून घातली.

आता पावलं ऐकू येतात. मरण्याआधी दोन सेकंद कळतं, एवढा फरक पडलाय.

सकाळी आई तुळशीला पाणी घालते आणि मी अर्थिंगला. एवढं पाणी फुकट का घालवायचं, म्हणून तिने खड्ड्याच्या कडेला अळू लावलंय. पानं ताटाएवढी झालीत.