अर्ध्या तासात प्रोटीन नाही घेतलं म्हणून व्यायाम वाया जात नाही

आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज महिन्याभरात तिसऱ्यांदा आला. थोडक्यात सांगायचं तर त्यात असं लिहिलंय की व्यायाम संपल्यापासून अर्ध्या तासात प्रोटीन पोटात गेलं नाही तर केलेला व्यायाम वाया, म्हणून बॅगेत कायम प्रोटीन बार ठेवा, साखर विष आहे म्हणून फळ आणि दूधसुद्धा बंद करा, गोड हवंच असेल तर मध घ्या कारण तो नैसर्गिक, बदाम म्हणजे प्रोटीनचा खजिना, आणि एका वेळी २० ग्रॅमच्या वर प्रोटीन शरीर घेतच नाही. पाठवणारी माझी धाकटी बहीण. पाच महिन्यांपूर्वी तिने जिम सुरू केलं, एक दिवस चुकवत नाही, आणि आपल्यासारखंच सगळ्यांचं भलं व्हावं म्हणून तिने तो पाठवला. म्हणूनच नुसतं "हे खोटं आहे" लिहून मोकळं व्हावंसं वाटलं नाही.

सगळ्यात आधी तो अर्धा तास, कारण बाकीचा गोंधळ त्यातूनच सुरू होतो. वजनं उचलल्यावर स्नायूंच्या दुरुस्तीचं आणि नव्या बांधणीचं काम अर्ध्या तासात उरकत नाही, ते पुढचे २४ तास, कधी ४८ तासांपर्यंत नेहमीपेक्षा जास्त वेगाने चालू असतं आणि हे प्रत्यक्ष मोजलेलं आहे. २०१३ मध्ये शोनफेल्ड, अरागॉन आणि क्रीगर या तिघांनी या विषयावरचे आधीचे प्रयोग एकत्र करून तपासले तेव्हा व्यायामाच्या आगेमागे तासाभरात प्रोटीन घेणारे आधी पुढे दिसत होते, पण मग लक्षात आलं की ते लोक दिवसभरात एकूणच जास्त प्रोटीन खात होते, आणि तो फरक हिशेबात धरल्यावर वेळेचा फायदा उरलाच नाही. म्हणजे बघायचं ते दिवसाच्या एकूण प्रोटीनकडे. त्याचा आकडा २०१८ च्या एका मोठ्या आढाव्यात आहे, ४९ प्रयोग आणि १८०० हून जास्त लोक, त्यात दिसलं की वजनांचा व्यायाम करणाऱ्याला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.६ ग्रॅमपर्यंत फायदा होतो आणि त्यापुढे वाढवून स्नायूंच्या वाढीत फारशी भर पडत नाही. ६० किलोच्या माणसाला हे झाले ९६ ग्रॅम, दिवसभरात, तीन-चार वेळा मिळून.

आणि व्यायामाच्या दोन तास आधी तुम्ही नीट जेवला असाल तर ते जेवण अजून पचतच असतं, त्यातलं प्रोटीन तुम्ही जिममध्ये असतानाही रक्तात येत असतं. सकाळी उपाशीपोटी व्यायाम करत असाल तर मात्र संपल्यावर उगाच ताटकळू नका, घरी गेलात की खा. पण घरी जाऊन, बसून. घड्याळ लावून नाही.

हे मी इतकं ताणून का सांगतेय, तर बहीण त्या अर्ध्या तासाच्या धाकाने कपडे बदलता बदलता बार खाते. परवा तिच्या बॅगेतला बार मी उलटा करून वाचला. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात "हाय प्रोटीन", मागे बारीक अक्षरात वजन ६० ग्रॅम, २३० कॅलरी, प्रोटीन १२ ग्रॅम, कार्बोहायड्रेट २८ ग्रॅम आणि त्यातली साखर १९ ग्रॅम. घटकांच्या यादीत पहिलंच नाव ग्लुकोज सिरपचं, आणि ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते म्हणजे त्या बारमध्ये सगळ्यात जास्त काय आहे ते तिथेच कळलं. तरी "हाय प्रोटीन" हे शब्द खोटे म्हणता येत नाहीत! युरोपीय संघाच्या नियमात एकूण कॅलरीपैकी २० टक्के प्रोटीनमधून आल्या की हे शब्द छापता येतात, आणि १२ ग्रॅम प्रोटीनच्या ४८ कॅलरी म्हणजे २३० पैकी जवळपास २१ टक्के. त्याच नियमात "लो शुगर" म्हणायला १०० ग्रॅममागे ५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालत नाही. या बारची १०० ग्रॅममागे ३२ भरते. दोन दावे वेगवेगळे आहेत, एक पुढे छापला म्हणजे दुसरा आपोआप खरा होत नाही.

अजून तीन गोष्टी लेबल वाचताना निसटतात. एक म्हणजे माल्टोडेक्स्ट्रिन. ते स्टार्च तोडून बनवतात, रक्तातली साखर झपाट्याने वाढवतं, पण साखळ्या लांब असल्यामुळे लेबलवरच्या "साखर" या ओळीत ते मोजलं जात नाही, म्हणून साखर २ ग्रॅम आणि कार्बोहायड्रेट ३० ग्रॅम असं दिसलं की बाकीचे २८ कशाचे ते घटकांत शोधायचं. दुसरं कोलॅजन. प्रोटीनचा आकडा फुगवायला बऱ्याच बारमध्ये कोलॅजन किंवा जिलेटिन घालतात, ते प्रोटीनच आहे हे खरं, पण प्रोटीन ज्या अमिनो आम्लांपासून बनतं त्यातलं ट्रिप्टोफॅन, जे शरीराला खाण्यातूनच मिळवावं लागतं, ते त्यात अजिबात नसतं, म्हणून स्नायूंसाठी ते दूध-अंड्याच्या जागी धरता येत नाही. तिसरं, "शुगर फ्री" बारमध्ये गोडीसाठी साखरेऐवजी बऱ्याचदा माल्टिटॉल असतं, त्यालाही ग्रॅममागे साधारण २ कॅलरी आहेतच आणि जास्त झालं तर पोटात गॅस होतो, जुलाबही होतात, व्यायामानंतर कुणाला हवंय ते.

मी स्वतः एकच हिशेब करते, १०० कॅलरीत प्रोटीन किती. दोन उकडलेली अंडी म्हणजे साधारण १४० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रोटीन, शंभराला आठ-साडेआठ पडतात, साखर जवळजवळ शून्य. मलई काढलेल्या दुधाचं, पाणी निथळून घट्ट केलेलं बिनसाखरेचं दही शंभराला १५ च्याही पुढे जातं. टोफू दहाच्या आसपास, उकडलेले हरभरे पाच-साडेपाच पण सोबत भरपूर फायबर. बहिणीचा बार पाच. आणि बदाम? शंभर कॅलरीत जेमतेम साडेतीन ग्रॅम. मूठभर म्हणजे ३० ग्रॅम बदामात ६ ग्रॅम प्रोटीन असतं आणि १५ ग्रॅम फॅट. बदाम चांगलेच आहेत, रोज खा, पण त्यांना मुख्यतः फॅटचा पदार्थ म्हणून खा, कारण वीस ग्रॅम प्रोटीन त्यांच्यातून काढायला गेलात तर साडेपाचशे कॅलरी पोटात जातील आणि मग वजन का उतरत नाही म्हणून तुम्हीच काळजीत पडाल.

आता मध. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात मध, सिरप आणि फळांचा रस हे सगळं साखरेच्याच खात्यात धरलंय, आणि ही साखर दिवसाच्या कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलंय. २००० कॅलरी खाणाऱ्याला ५ टक्के म्हणजे जेमतेम २५ ग्रॅम. एका मोठ्या चमचाभर मधात १७ ग्रॅम साखर असते, म्हणजे दोन चमचे शेकमध्ये घातले की संपलं. उलट मेसेजने ज्यांच्यावर बंदी घातलीय ते अख्खं फळ आणि साधं दूध या मर्यादेत मोजतच नाहीत. पाव लिटर दुधाच्या लेबलवर १२ ग्रॅम साखर दिसते, ती दुधातलीच लॅक्टोज, वरून कुणी घातलेली नाही, आणि सोबत ८ ग्रॅम चांगलं प्रोटीन मिळतं. त्याला घाबरून दूध सोडायचं आणि मध ओतायचा, हा उलटा कारभार आहे.

साखर लवकर लागते असे लोकही आहेत, हे मान्य करायला हवं. दीड-दोन तास धावून किंवा सायकल मारून स्नायूंमधलं ग्लायकोजेन, म्हणजे तिथे साठवलेलं कार्बोहायड्रेट, संपलंय आणि त्याच दिवशी पुन्हा तेवढंच करायचंय, त्यांनी लगेच कार्बोहायड्रेट घेतलं तर साठा लवकर भरतो, दोन तास थांबलं तर भरायचा वेग कमी पडतो, १९८८ च्या प्रयोगात हे दिसलं होतं. पण पाऊण तास जिम करून उद्या पुन्हा जाणाऱ्याचा साठा रोजच्या जेवणातूनच भरतो.

२० ग्रॅमचं म्हणणं २००९ च्या एका छोट्या प्रयोगातून आलंय, सहा तरुण पुरुष, फक्त पायांचा व्यायाम, त्यात २० आणि ४० ग्रॅम अंड्याच्या प्रोटीनमध्ये विशेष फरक दिसला नाही. २०१६ मध्ये पूर्ण शरीराचा व्यायाम करून घेतला तर ४० ग्रॅमने स्नायूंची बांधणी २० ग्रॅमपेक्षा जवळपास २० टक्के जास्त झाली. २०२३ मध्ये तर एकदम १०० ग्रॅम दिले आणि शरीर ते बारा तास वापरत राहिलं. तेव्हा रात्रीच्या जेवणात ३५ ग्रॅम झालं म्हणून अर्धं ताटात टाकायची गरज नाही. वय झालेल्यांना तर एका वेळी तरुणांपेक्षा जास्तच लागतं.

मेसेजमध्ये एक गोष्ट लिहिलेलीच नाही आणि मला सगळ्यात जास्त तीच खुपली. किडनी धडधाकट असेल तर वर सांगितलेल्या प्रोटीनने ती बिघडते असं दिसलेलं नाही, पण किडनीचा आजार आधीच असेल तर किती प्रोटीन खायचं ते डॉक्टर ठरवतात आणि ते बऱ्याचदा कमी करायला सांगतात. आमच्या काकांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चाललीय ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा, दोन वर्षांपासून वाढलेलं आहे. तेही त्याच ग्रुपवर आहेत, मेसेजखाली त्यांनीच पहिलं विचारलं होतं की कोणती पावडर आणू. मी लगेच फोन करून त्यांना थांबवलं, आणि पुढच्या तपासणीला जाताना हा प्रश्न कागदावर लिहून न्यायला सांगितलं.