गाडी इचार करायली

गेल्या रविवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास, दौलताबादच्या दिल्ली दरवाजाच्या तोंडाशी, एका सीताफळवाल्या म्हाताऱ्याने माझ्या नव्याकोऱ्या गाडीच्या मागच्या चाकाला दगड लावला. दगड चांगला पाच-सहा किलोचा, काळा आणि एका अंगाने घासून गुळगुळीत झालेला होता, म्हणजे आजवर बऱ्याच चाकांची सेवा त्याने केलेली असावी. मी तो लावायला सांगितले नव्हते. दसऱ्याला घेतलेल्या, अजून सीटवरचे प्लास्टिकही पुरते न काढलेल्या साडेनऊ लाखांच्या गाडीला कोणी दगड लावावा, ही गोष्ट मनातून जायला किती दिवस लागतात हे मला अजून कळायचे आहे, कारण ती अद्याप गेलेली नाही.

गाडीचे दुखणे थोडक्यात सांगतो. ती पळायला लागली की उत्तम पळते. अडचण फक्त निघण्याची आहे. ब्रेकवरचा पाय काढून ऍक्सिलरेटरवर ठेवल्यापासून गाडी प्रत्यक्ष हलेपर्यंत मध्ये एक रिकामा अवधी जातो. त्या अवधीत मला एकदा ‘अगं, चल’ असे म्हणता येते, बायकोला ‘काय झालं?’ असे विचारता येते आणि मागच्याला दोनदा हॉर्न वाजवता येतो. एवढे सगळे उरकल्यावर गाडी अशी उसळी घेते, की आपण तिला काही लागट बोललो आणि ती रागाने निघाली असे वाटावे.

क्लच नसलेली गाडी घेण्याचे कारण माझा डावा गुडघा. जालना रोडवर क्रांती चौकापासून सिडकोपर्यंत जायचे तर क्लच किती वेळा दाबावा लागतो हे ज्याने मोजले आहे, त्याला गुडघ्याविषयी आणखी काही सांगण्याची गरज नाही. शोरूममधल्या टाय लावलेल्या मुलाने माझी व्यथा सहानुभूतीने ऐकून घेतली आणि म्हणाला, “सर, यात फॉर्म्युला वनची टेक्नॉलॉजी आहे.” हे अगदीच खोटे नव्हते, हे मी नंतर वाचून पाहिले. १९८९ साली फेरारीने शर्यतीच्या गाडीत क्लचविना, स्टीअरिंगमागच्या पात्या दाबून गिअर बदलण्याची व्यवस्था बसवली आणि नायजेल मॅन्सेल या शर्यतपटूने त्या गाडीतून मोसमातली पहिलीच, ब्राझीलची शर्यत जिंकून दाखवली. त्याच कुळातले हे तंत्र २०१४ साली आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत उतरले. घराणे थोर आहे, यात वाद नाही. पण थोर घराण्यातला सगळ्यात धाकटा मुलगा कसा निघेल, हे घराण्याच्या नावावरून ठरवू नये.

आमच्या साडूंनी मला आधीच बजावले होते. ते परभणीचे. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ या म्हणीतल्या दोन्ही ठिकाणांच्या वतीने बोलण्याचा अधिकार आपल्याला आहे असे त्यांचे प्रामाणिक मत असल्याने यंत्रांच्या बाबतीत त्यांचा शब्द घरात अखेरचा मानला जातो. “ज्याला क्लच दाबायचा कंटाळा आहे, त्याने सरळ एसटीने जावे,” एवढेच ते म्हणाले होते. मी ते मनावर घेतले नाही. आता ते दर रविवारी फोन करून गाडीची प्रकृती विचारतात, आणि तीही अशा आवाजात, की जणू दवाखान्यात भरती केलेल्या माणसाची चौकशी चालली आहे.

मुळात ही स्वयंचलित गाडी नव्हेच. आतली गिअरपेटी नेहमीचीच, हाताने गिअर टाकायच्या गाडीत असते ती. फक्त क्लच दाबणारा पाय आणि गिअर टाकणारा हात माणसाचा न राहता संगणकाच्या हुकमाने हलणाऱ्या यंत्रांचा झालेला आहे. महागड्या ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरपेटी यांच्या मध्ये तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो, आणि ते तेल फिरतच असल्यामुळे ब्रेक सोडताच गाडी आपोआप पुढे सरकू लागते. माझ्या गाडीत साधी क्लचची चकतीच आहे. ती संगणक बेताबेताने टेकवतो, कारण घाईने टेकवली तर झटका बसतो आणि चकती झिजते. म्हणजे नव्याने गाडी शिकणारा एक भित्रा मुलगा कायमचा आत बसवलेला आहे, आणि तो दर सिग्नलला पहिल्यांदाच क्लच सोडतो आहे. साध्या गाडीपेक्षा या मुलाचे पन्नासएक हजार रुपये जास्त पडतात.

तर रविवार. आई, बायको आणि मी घृष्णेश्वराच्या दर्शनाला वेरूळला निघालो होतो. दौलताबादचा किल्ला जवळ येतो तसा रस्ता जुन्या तटबंदीच्या दरवाजातून जातो. हत्ती-घोड्यांच्या हिशेबाने बांधलेल्या त्या दरवाजातून एका वेळी एकच मोठी गाडी जाऊ शकते आणि पुढे लगेच घाट लागतो, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी तिथे कोंडी ठरलेली. थोडे सरकायचे, थांबायचे, पुन्हा सरकायचे, आणि तेही चढावर, ही माझ्या गाडीची सगळ्यात नावडती परीक्षा. समोर शाळेच्या सहलीची बस होती आणि तिच्या मागच्या काचेला वीसेक मुले नाक लावून बसली होती. मागे काळीपिवळी होती. डाव्या हाताला सीताफळांच्या पाट्या मांडलेल्या.

बस दरवाजातून सरकली. मी ब्रेक सोडला, ऍक्सिलरेटर दाबला आणि वाट पाहिली. चढावर ब्रेक सोडल्यावर दोन-एक सेकंद गाडी धरून ठेवण्याची सोय या गाडीत आहे; ते दोन सेकंद संपले तेव्हा क्लचचा विचार अजून चालूच होता. गाडी वीतभर मागे आली. काळीपिवळीने असा हॉर्न दिला, की तटावरची पाखरे उडाली. मी ब्रेक दाबला. पुन्हा तेच केले, पुन्हा वीतभर मागे आलो. मागून आई म्हणाली, “पूजेचा नारळ नीट निघाला होता ना रे?”

तेवढ्यात तो म्हातारा पाटीजवळून उठून माझ्या खिडकीशी आला. धोतर, पांढरी टोपी, कानात विडी खोचलेली, आणि चेहऱ्यावर, सकाळपासून काहीतरी घडण्याची वाट पाहणाऱ्याला ते अखेर घडल्यावर होतो तसा आनंद.

“बंद पडली का हो साहेब?”

“नाही, चालू आहे.”

“मंग हालंना का?”

“हलते. जरा वेळ घेते.”

त्याने वाकून बॉनेटला कान लावला. आम्ही सगळे थांबलो. काळीपिवळीवालाही क्षणभर गप्प बसला. म्हातारा सरळ झाला आणि निदान सांगावे तसा म्हणाला, “आवाज तर बराबर यायलाय. गाडी इचार करायली.”

या वाक्यात काहीही चूक नव्हती, हे मला तेव्हाही जाणवले. महिनाभर मी ज्या गोष्टीचे वर्णन शोरूमला फोनवर करू पाहत होतो, ती त्याने तीन शब्दांत सांगितली होती.

“नवी दिसायली. केवढ्याची?”

मराठवाड्यात हा प्रश्न चुकवता येत नाही. माणूस अपघातात सापडला तरी आधी गाडीची किंमत सांगतो आणि मग दवाखान्याचे बोलतो. मी साडेनऊ लाख म्हणालो. म्हाताऱ्याने मान वळवून शेजारच्या पाटीवरच्या बाईला ओरडून सांगितले, “साडेनऊ लाखाची हाय गं! अन् इचार करायली!”

ती बाई फळांवरचे फडके नीट करत मान वर न करता म्हणाली, “साडेनऊ लाखाची म्हनल्यावर इचार करंनच की.”

यावर काळीपिवळीतले सगळे प्रवासी हसले. माझी बायकोही हसली, हे मी आरशात नव्हे, शेजारी प्रत्यक्ष पाहिले. मधल्या काळात मी तिसऱ्यांदा वीतभर मागे आलो, तेव्हा म्हाताऱ्याने “थांबा, थांबा” म्हणत पाटीमागून तो दगड उचलून आणला आणि मागच्या उजव्या चाकाला नेमका टेकवून दिला. त्या टेकवण्यात इतकी सफाई होती, की या दरवाजात तो सीताफळे जोडधंदा म्हणूनच विकत असावा. दगड लागल्यावर त्याने खिडकीत कोपर टेकले. समोरची बस दरवाजापलीकडे पुन्हा अडली होती, त्यामुळे त्यालाही वेळ होता आणि मलाही पळून जाण्याची सोय नव्हती.

“आमच्या बापानं माळेगावच्या जत्रंतून एक बैल आनला व्हता,” त्याने सुरुवात केली. “लाल कंधारी. असा ताकदीचा, की भरल्या गाडीला एकटा पुरायचा. पर वढ्याच्या तोंडाशी आला की हुभा. हालायचंच नाव नाही. बापानं एकदा त्याला पराणीनं ढोसलं. तर बसला. साहेब, भरल्या गाडीसंगं वढ्यात बसला. सांजंपस्तोर.”

“मग?”

“मंग काय? त्याला ढोसायचंच नाही. नुसता हात ठिवायचा पाठीवर. त्याला कळू द्यायचं, की आता आपल्याला जायाचं हाय. मंग तो आपल्या मनानं पाय उचलायचा. तुमी लई ढोसायलेत हिला.” हे सांगताना त्याने माझ्या गाडीच्या दारावर दोनदा थोपटले, आणि सांगायला लाज वाटते, पण मला तो स्पर्श परक्या माणसाचा वाटला नाही. “आधी निस्ता पाय ठिवा. तिला समजू द्या. मंग दाबा.”

दिल्ली दरवाजात उभे राहून निघावे की न निघावे अशा द्विधेत सापडलेला मी पहिला माणूस नव्हे, असे मनाला समजावून पाहिले. १३२७ साली मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे आणली आणि काही वर्षांनी पुन्हा दिल्लीला नेली. म्हणजे एवढ्या मोठ्या काफिल्याला पुढे-मागे होताना या गावाने पाहिलेले आहे. परंतु तुघलकाच्या मागच्या चाकाला कोणी दगड लावल्याची नोंद नाही. शिवाय त्याच्यामागे काळीपिवळी नव्हती.

बस निघाली. मी पाय नुसता ठेवला. मनात एक, दोन म्हटले. दगडाला चाक टेकून राहिले, आतल्या भित्र्या मुलाने क्लच टेकवला, आणि मग मी दाबले. गाडी कसलीही उसळी न घेता, सुनेने उंबरा ओलांडावा तशी दरवाजातून पार झाली. बसमधल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. महिनाभरात ती पहिल्यांदाच सरळ निघाली होती, आणि त्याचे श्रेय लाल कंधारी बैलाला होते.

पलीकडे पुन्हा थांबावे लागले, तेवढ्यात म्हातारा मागून धावत आला. बायकोने डझनभर सीताफळे घेतली. पैसे देण्याचा प्रश्नच नव्हता असे नव्हे. भाव त्याने गाडीच्या किमतीवरून लावला असावा. सीताफळे डिकीत ठेवताना त्याने दगडही आत ठेवला आणि “वर घाटात लागंल,” म्हणाला. बायकोने त्याचे आभार मानले. माझे आभार तिने गाडी घेतली तेव्हाही मानले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी सर्व्हिसला नेली. तिथल्या मुलाने गाडीला कॉम्प्युटर जोडला, अर्धा किलोमीटर सपाट रस्त्यावर चालवून आणली आणि म्हणाला, “सर, एकही एरर कोड नाही. गाडी एकदम ओके आहे.” मी चढाचे सांगितले, वीतभर मागे येण्याचे सांगितले, दगडाचे सांगितले नाही. तो समजूतदारपणे हसला. “सर, हे या गाडीचं नेचर आहे. सवय होईल तुम्हाला.”

इथे मात्र मला खरोखर राग आला, आणि तो अजून आहे. गाडी स्वस्त आहे म्हणून क्लच सोडायला वेळ घेते, हे मी समजू शकतो. साध्या गाडीइतके मायलेज देते आणि गुडघा वाचवते, तेही मान्य करतो. परंतु मला ती दाखवली तेव्हा रविवारी सकाळी नऊ वाजता, मोकळ्या, सपाट रस्त्यावर, शेजारी टाय लावलेला मुलगा बसवून दाखवली. तेव्हा कोणीही नेचरचा विषय काढला नाही. जो स्वभाव घेताना सांगितला नाही, तो घेतल्यावर स्वभाव कसा होतो आणि सवय मलाच का व्हायची, हे मी विचारले. मुलाने टॅबलेटवर काहीतरी लिहिले. मग आवाज खाली आणून, घरचा माणूस सांगतो तसे म्हणाला, “सर, ऍक्सिलरेटर एकदम प्रेस नका करू. आधी लाइट फूट ठेवा, क्लच एंगेज होऊ द्या, मग प्रेस करा.”

मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. हाच सल्ला कालच मला मिळाला होता, सीताफळांसह आणि बैलासह.

गाडी धुऊन आल्यावर त्याने सहीसाठी कागद पुढे केला. त्यावर गाडीत सापडलेल्या वस्तूंची यादी नेटक्या अक्षरांत होती: स्टेपनी एक, जॅक एक, पाना एक, छत्री एक, दगड एक.

“सर, हा दगड चुकून आलेला दिसतो,” मुलगा म्हणाला. “टाकून देऊ का?”

मी सही करत “राहू दे” म्हणालो. त्यांच्या फाटकातून मुख्य रस्त्याला लागायला चांगला हातभर चढ आहे, हे मी आत येतानाच पाहून ठेवले होते.