तांबं दगडाचं, शिसं कुणाचं? ‘खाडीकाठी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. खाडीच्या गाळातल्या धातूंवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया झोंबली, म्हणून दोन दिवस जाऊ दिले. तुमचं म्हणणं असं: ‘खाडीच्या गाळात दशलक्ष भागांत शंभर भाग तांबं निघालं तरी तुम्ही लगेच घाबरू नका म्हणता. अमेरिकेचा निकष ३४ आहे. कारखानदारांचं वकीलपत्र घेतलंय का?’ शिवाय काळा, घाण वासाचा चिखल, गाळाचा उपसा आणि नुसत्या धातूंच्या आकड्यांवर निवाडा करू नये, हेही तुम्ही लिहिलंत.

वकीलपत्र कुणाचंच नाही. आधी तो ३४ कुठून आला ते सांगतो. गाळात धातू किती आणि त्यातल्या जिवांना काय झालं, अशा बऱ्याच नोंदी एकत्र करून अमेरिकेतले संशोधक लाँग आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रत्येक धातूचे दोन आकडे काढले. तांब्याचे ३४ आणि २७०. पहिल्याच्या खाली अपाय क्वचित दिसतो, दुसऱ्याच्या वर बरेचदा. मधल्या पट्ट्यात कधी दिसतो, कधी नाही. तेव्हा ३४ ओलांडला म्हणजे जरा नीट बघायला लागायचं, एवढंच.

तर बघू. कोकणातल्या खाड्यांत पावसाळ्यात उतरणारी माती बरीचशी सह्याद्रीची, काळा दगड, म्हणजे बसाल्ट, झिजून झालेली. जगभरच्या बसाल्टची सरासरी काढली तर दशलक्ष भागांत तांबं ८७ आणि निकेल १३० येतं. निकेलचे ते दोन आकडे २०.९ आणि ५१.६ आहेत! एखाद्या गडाच्या पायथ्याचा धोंडा कुटून तपासायला दिलात, तर तोही ‘प्रदूषित’ म्हणून परत येईल.

शिशाचं बरोबर उलटं. बसाल्टमध्ये ते सरासरी जेमतेम ६. समजा गाळात ४० निघालं. निकष ४६.७, म्हणजे अहवालात हिरवी खूण. पण दगडाच्या सहापटीहून जास्त असलेलं हे शिसं डोंगरातून वाहत आलं असं कसं मानायचं? मला धास्ती आहे ती इथे, आणि मूळ लेखात नेमकं हेच राहून गेलं. ती चूक माझी, कबूल.

म्हणून आधी त्याच खाडीचा जुना गाळ बघावा लागतो. चिखलात नळी खोल रोवून उभा नमुना काढतात, किरणोत्सारी शिशावरून थरांचं वय ठरवतात (ते दर २२ वर्षांनी साधारण निम्मं होतं) आणि कारखान्यांच्या आधीचा थर आजच्या थराशी ताडून पाहतात. तेही अॅल्युमिनियमच्या प्रमाणात (त्यावरून बारीक चिखल किती ते कळतं), कारण धातू बारीक चिखलाला चिकटतात, रेतीला फारसे नाही. एका ठिकाणची रेती आणि दुसरीकडचा चिखल यांची तुलना करून छापलेले तक्ते पाहिले की माझं डोकं उठतं.

दुसरा मुद्दा काळ्या, घाण वासाच्या चिखलाचा. मागच्या हिवाळ्यात ओहोटीला एका नाखव्यांच्या होडीतून गेलो होतो. वर काढलेला गाळ घमेल्यात ओतला: वर नखाएवढा तपकिरी पापुद्रा, खाली डांबरासारखा काळा गोळा, आणि सडक्या अंड्याचा भपकारा. नाखवा म्हणाले, “हा वास मी पोर होतो तेव्हाही होता.” तिवरांच्या चिखलात हवा पोचत नाही, तिथे गंधकाचा हा वायू आपसूक होतो. सांडपाण्याने तो वाढतो, हे खरं. गंमत म्हणजे हेच गंधक तांबं-शिसं धरून ठेवतं, त्यामुळे किड्यांच्या पोटात ते कमी जातं. तोच गाळ उपसून काठावर हवेत पसरला की ही पकड सुटते आणि धातू मोकळे होऊ शकतात. उपशाबद्दलचा तुमचा राग म्हणूनच मला पूर्ण पटतो.

नुसत्या धातूंच्या आकड्यांवर निवाडा करू नये, हेही तुमचं बरोबर. रसायनं मोजायची, त्या गाळात जिवंत प्राणी ठेवून पाहायचे आणि तळाशी कोणते किडे-शिंपले उरलेत ते मोजायचं, असं तिहेरी परीक्षण १९८५ पासून सुचवलं जातंय. आपल्याकडचे अहवाल बहुतेकदा पहिल्यापाशीच थांबतात.

शिशाचा परिच्छेद आज मूळ लेखात घालतोय. आणि तुम्ही पाठवलेल्या अहवालात आकडे ओल्या गाळाचे की वाळवलेल्या, ते कुठेच लिहिलेलं नाही. निकष कोरड्या वजनाचे असतात. आकडे ओल्या गाळाचे असतील आणि त्यात निम्मं पाणी असेल, तर तुमचे आकडे थेट दुप्पट होतील. प्रयोगशाळेला हे आधी विचारा, मग पुढचं बोलू.