स्टिल पिवळा पडलाय हे एकालाही सांगावंसं वाटलं नाही?

मी केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये पोस्टडॉक आहे, म्हणजे पीएचडीनंतर संशोधन करणारी. आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबलचक होईल, कुणाला वाचायचं तर वाचा.

आमच्या लॅबमध्ये टीएचएफ हे सॉल्व्हंट अजूनही सोडियम-बेन्झोफिनोनवरच ड्राय करतात, म्हणजे त्यातलं पाणी काढतात. ज्या मांडणीत करतात तो स्टिल. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, फ्लास्कमध्ये टीएचएफ घ्यायचं, सोडियमचे बारीक तुकडे आणि थोडं बेन्झोफिनोन टाकायचं आणि नायट्रोजनखाली रिफ्लक्सला, म्हणजे उकळत, लावायचं. आतलं पाणी आणि ऑक्सिजन संपला की गडद निळा रंग येतो. निळा असेल तरच टीएचएफ काढायचं, नसेल तर हात लावायचा नाही. बास, एवढाच नियम, एमएस्सीच्या पोरांनाही पाठ असतो. तरी कुणीतरी पिवळ्या पडलेल्या स्टिलमधून टीएचएफ काढलं, फ्लास्कवर 'ड्राय टीएचएफ' लिहून आजची तारीख टाकली, आणि स्टिलमध्ये बाटलीतलं ओलं टीएचएफ तसंच ओतून निघून गेलं. मी तो फ्लास्क घेतला कारण त्याच्यावर लेबल होतं. लॅबमध्ये लेबलवर विश्वास ठेवायचा नाही तर मग कशावर ठेवायचा?

त्यात माझं मटेरियल विरघळवलं, उणे 78 अंश सेल्सिअसला ब्युटिललिथियम थेंब थेंब सोडलं (याला पाणी अजिबात चालत नाही), वाट पाहिली, मग अल्डिहाइड घातलं. टीएलसी (रिअॅक्शन झाली का बघायची झटपट टेस्ट) मारली तर अल्डिहाइड जसंच्या तसं बसलेलं. आणि माझा अ‍ॅरिल ब्रोमाइड, जो सात स्टेप करून, कॉलमवर कॉलम टाकून, शुद्ध करत करत बनवला होता, त्यातला ब्रोमिन गेला आणि त्या जागी नुसता हायड्रोजन. ब्रोमिनच्या जागी लिथियमवालं संयुग तयार झालं पण त्याने अल्डिहाइडऐवजी पाणी गाठलं. हे मटेरियल परत मिळत नाही, कुठल्या कपाटात त्याची दुसरी बाटली नाही. पहिल्या स्टेपपासून परत सुरू. आणि हे ज्याने केलं तो किंवा ती आत्ता बाहेर टपरीवर चहा पीत असेल, कारण विचारलं की सगळ्यांचं एकच उत्तर, "ताई, मी नाही काढलं."

बरं, स्टिल खराब झाला तर तो क्वेंच, म्हणजे आतलं उरलेलं सोडियम निकामी, कोण करणार? मीच. "ताई, तुम्हीच करा ना, आम्हाला सोडियमची भीती वाटते." अरे भीती वाटायलाच हवी! पण म्हणून शिकायचंच नाही का? नायट्रोजन चालू ठेवायचा, खाली बर्फ, आणि आयसोप्रोपेनॉल थोडं थोडं सोडत बसायचं, हायड्रोजन निघत राहतो म्हणून जवळपास हीट गन नको, ठिणगी नको. वरून सगळं संपल्यासारखं दिसतं पण तळाला पांढऱ्या थराखाली सोडियमचा तुकडा जिवंत असतो, घाई करून पाणी ओतलं की भडका. अख्खी दुपार त्याच्यासमोर उभं राहायचं, जेवायलाही हलायचं नाही. 2008 च्या डिसेंबरमध्ये यूसीएलएच्या लॅबमध्ये एक 23 वर्षांची रिसर्च असिस्टंट सिरिंजने टर्ट-ब्युटिललिथियम, जे हवेत आपोआप पेटतं, ते घेताना भाजली, अंगात लॅब कोट नव्हता, जानेवारीत ती गेली. हे मी प्रत्येक नव्या बॅचला सांगते. माना डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी पॉलिएस्टरचा ड्रेस घालून हूडसमोर (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटासमोर) उभ्या!

सरांना सांगितलं तर सर म्हणतात, "तू सिनियर आहेस, जरा बघ ना." हे 'जरा बघ ना' मला आता ऐकवत नाही. रोटाव्हॅप (सॉल्व्हंट उडवायचं मशीन) व्हॅक्यूम घेत नाहीये, जरा बघ ना. उघडून बघितलं तर कुणाचं तरी मटेरियल उडून बम्प ट्रॅपमध्ये वाळून बसलेलं. व्हॅक्यूम पंपाचं तेल चहासारखं काळपट झालंय, जरा बघ ना. वेस्टचा कॅन गळ्यापर्यंत भरलाय, हॅलोजनवालं आणि बिनहॅलोजनवालं सॉल्व्हंट एकत्र ओतलंय, जरा बघ ना. एका मुलाचं थिसिस चॅप्टर, दुसऱ्याचा एनएमआर डेटा, तिसरीचा सेमिनार, सगळं मीच बघायचं. पीएचडीवाल्यांना थिसिस असतो, सरांना कमिटी असते, टेक्निशियन साडेपाचला जातो, आणि मधलं जे जे कुणाचंच नाही ते पोस्टडॉकचं. असं कुठे लिहिलंय ते मला एकदा दाखवा तरी.

खरेदीचं तर विचारूच नका. सीडीसीएल3, म्हणजे एनएमआरला सॅम्पल विरघळवायचं सॉल्व्हंट, संपून किती दिवस झाले. सीडीसीएल3 नाही म्हणजे एनएमआर नाही, एनएमआर नाही म्हणजे आपण काय बनवलंय तेच कळत नाही, सगळं काम ठप्प. इंडेंट (खरेदीचा मागणी-फॉर्म) मी भरायचा, कोटेशन मी मागवायची, 2025 च्या मध्यापर्यंत तर जेम या सरकारी खरेदी पोर्टलवर ती वस्तू नाही याचा दाखलाही मीच काढायचे, मग अकाउंट्समधला माणूस म्हणणार, मॅडम, खर्चाचा हेड चुकलाय, परत आणा. 2024 च्या जुलैच्या बजेटमध्ये लॅब केमिकल्सवरची कस्टम ड्युटी 10 टक्क्यांवरून थेट 150 टक्के केली होती, देशभर ओरडा झाला म्हणून थोड्याच दिवसांत संशोधनासाठी परत 10 वर आणली. तेवढ्या दिवसांत व्हेंडरने जुनी कोटेशन रद्द केली, आणि ती परत मागवत कोण फिरलं? मीच. ग्रँटचे पैसे येणार फेब्रुवारीत आणि खर्च करायचे 31 मार्चच्या आत. वर्षभर सिलिका जपून जपून वापरायची आणि मार्चमध्ये सगळ्यांनी मिळून ऑर्डरी भरत बसायचं. हे कसलं प्लॅनिंग?

आणि माझा पगार? जानेवारी 2023 पासून रिसर्च असोसिएटच्या (पोस्टडॉकचं कागदावरचं नाव) पहिल्या लेव्हलला महिना 58 हजार अधिक एचआरए, हे कागदावर. प्रत्यक्षात युटिलायझेशन सर्टिफिकेट (आधीचे पैसे कुठे खर्च झाले त्याचा दाखला) टेबलावर पडून राहिलं की पुढचा हप्ता अडकतो, आणि मग महिनोन् महिने काही नाही, एकदम कधीतरी सगळं जमा. घरमालक एकरकमी भाडं घेतो का? नवऱ्याकडे मागायचं, आईला सांगायचं या महिन्यात जमणार नाही. आई विचारते, "अजून शिकतेच आहेस का गं?" काय सांगू तिला, पीएचडी होऊन किती वर्षं झाली ते तिलाही माहितीये.

सगळ्यात जास्त संताप कशाचा येतो सांगू? असिस्टंट प्रोफेसरच्या इंटरव्ह्यूत पेपर मोजतात. फर्स्ट ऑथर किती, करस्पाँडिंग किती, कुठल्या जर्नलला. किती स्टिल क्वेंच केले, किती पोरांना कॉलम पॅक करायला शिकवलं, पंपाचं तेल कितीदा बदललं याची तिथे काडीची किंमत नाही. आणि शुक्रवारी ग्रुप मीटिंगला तेच सर, ज्यांनी जरा बघ ना म्हणून अख्खा आठवडा घेतला, ते सगळ्यांसमोर विचारणार, "तुझ्या पेपरचं काय झालं, स्लो चाललंय."

यावेळी मी ऐकून घेणार नाहीये. ड्युटी चार्ट टाईप करून ठेवलाय. स्टिल, रोटाव्हॅप, पंप, वेस्ट, इंडेंट, प्रत्येकापुढे नाव, आणि त्यात माझं नाव बाकीच्यांइतक्याच वेळा. स्टिलला वही बांधणार, टीएचएफ काढलं की रंग आणि सही. सोडियम क्वेंच करायला शिकवेन, एकेकाला शेजारी उभं करून शिकवेन, पण एकटी करणार नाही. उद्या सरांच्या टेबलावर ठेवते. सही केली तर ठीक, नाही केली तर स्टिल बंद, ज्याला ड्राय टीएचएफ पाहिजे त्याने बाटली मागवावी आणि इंडेंट स्वतः भरावा.