कुरळ्या केसांना सुकू तरी द्या

काल सकाळी भाची न्हाऊन आली, कंगवा माझ्या हातात दिला आणि डोळे घट्ट मिटून बसली. अकरा वर्षांची पोर. केस विंचरायचे म्हणजे दुखणारच, हे तिने धरूनच ठेवलेलं. मला पोटात कालवलं, कारण मीही आईपुढे अशीच बसायचे.

"झिपऱ्या आवर", "काय हे पिंजारलेले केस", मग तेल चोपडून दोन करकचून वेण्या. तेविसाव्या वर्षी पार्लरमध्ये केस सरळ करणारं स्मूदनिंग करून घेतलं. टाळू भाजली, कानामागचे केस तुटून आले. माझे केस वाईट नव्हते, आम्ही ते चुकीचे सुकवत होतो, हे कळायला आणखी दहा वर्षं गेली.

केस भिजले की आतल्या केराटिन या प्रथिनातले हायड्रोजन बंध, म्हणजे त्याला आकारात धरणारे नाजूक दुवे, सुटतात आणि सुकताना पुन्हा जुळतात. म्हणजे केस ज्या आकारात सुकतो, तो आकार तो धरून ठेवतो. आपण काय करतो? टॉवेलने खसाखसा पुसतो, पंख्याखाली झटकतो, वरून कंगवा फिरवतो. बट मोडते आणि मोडलेलीच सुकते. साध्या ड्रायरचा झोतही तेच करतो. यावर उपाय डिफ्यूझर, म्हणजे ड्रायरच्या तोंडाला लावायचा, आत बोटांसारखे खुंट असलेला पसरट वाडगा. तीच हवा मोठ्या भागावर पसरते, जोर कमी होतो आणि बट जागची हलत नाही.

भाचीला मी न्हाणीघरात परत नेलं. केसांत कंडिशनर असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने खालून वर गुंता सोडवला. आमच्याकडे विंचरणं एवढंच. कंडिशनर धुऊन, केस निथळत असतानाच जवस उकळून गाळलेलं जेल लावलं, जुन्या सुती टी-शर्टने दाबून पाणी टिपलं. मग मान एका बाजूला कलती, टोकं वाडग्यात गोळा करायची, हळूच टाळूपर्यंत न्यायची आणि स्थिर धरायचं, अर्धा मिनिट. जागा बदलताना ड्रायर बंद. उष्णता कमी, वेग कमी. मधे बोटं अजिबात घालायची नाहीत, सगळ्यात जास्त संयम इथेच लागतो! थोडा दमटपणा उरला की थांबायचं. पूर्ण सुकल्यावर जेलने बटा कडक लागतात, तेव्हा तळहातावर दोन थेंब खोबरेल चोळून मुठीत हलके दाबल्या की मऊ होतात.

"ड्रायरने केस खराब होतात" हे मला दर वेळी ऐकवलं जातं. कोरियात 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ड्रायर 5 सेंटिमीटरवर धरला तेव्हा तापमान 95 अंशांपर्यंत गेलं, 15 सेंटिमीटरवर ते 47 होतं. जवळून वापरलेल्या ड्रायरने केसांचा पृष्ठभाग जास्त बिघडला, हे खरंच. पण केसाच्या आतल्या पेशींना जोडणाऱ्या थराची हानी दिसली ती आपोआप सुकू दिलेल्या, म्हणजे जास्त वेळ ओल्या राहिलेल्या केसांत. तो प्रयोग डिफ्यूझरचा नव्हता. तरी मी त्यातून एवढं घेतलं की वैर कडक उष्णतेशी धरायचं, ड्रायरशी नाही. डिफ्यूझर केसांच्या जवळ धरावा लागतो, म्हणून तर उष्णता कमीच हवी. आणि आपल्याकडे जुलैत केस दुपारपर्यंत ओले राहतात, मुली ओल्याचाच अंबाडा घालून लोकल पकडतात, संध्याकाळी सोडला की कुबट वास. त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा पंचवीस मिनिटं दिलेली मला कधीही परवडतात.

आपल्याकडे बाळंतिणीचे न्हायलेले केस धुरीवर सुकवायची पद्धत आहे. मंद ऊब, खालून वर, घाई नाही. घरातल्या ज्येष्ठ बायकांना मी डिफ्यूझर असाच समजावते आणि त्यांना तो लगेच पटतो.

भाचीच्या कानामागे एक बट आहे, स्प्रिंगसारखी. काल ती आरशासमोर तिला ओढून सोडत होती, पुन्हा ओढत होती. तेवढ्यात ताई आली आणि सवयीने लेकीचे केस चापून बसवायला तिने हात पुढे केला. पोरीने डोकं बाजूला घेतलं.

"आई, हात नको लावूस. अजून सुकतायत."