शंभरी म्हणायची चोरी

चीनमधल्या शिआनमध्ये ऑफिसातल्या मैत्रिणीच्या आजोबांची ऐंशी होती. आपल्याकडे अशा वेळी पाया पडून ‘शतायुषी व्हा’ म्हटलं, की माणूस जिलबीकडे वळायला मोकळा. इथे प्रत्येकाने भर पंगतीत उभं राहून शुभेच्छा म्हणायची, तीही ठरलेल्या साच्यातली. थोडक्यात, तोंडी परीक्षा.

मी ‘छांग मिंग पाय स्वे’ घोकून ठेवलं होतं. म्हणजे शंभर वर्षं जगा. अगदी माहेरचं वाटलं. मैत्रिणीने ते वाटेतच जप्त केलं. पाळण्यातल्या बाळाला ते शोभतं, ऐंशीचा माणूस लगेच वजाबाकी करायला बसतो! त्यात पुढे चौऱ्याऐंशीचा घाट. तत्त्वज्ञ कन्फ्यूशियस ७३व्या वर्षी गेला, त्याच्याच परंपरेतला मेन्शियस ८४व्या. तेव्हा या दोन वर्षी यमाने बोलावलं नाही तरी माणूस आपणहून जातो, अशी म्हणच आहे.

मग ‘वान शौ वू च्यांग’ म्हणू का? आयुष्याला सीमाच नको, हिशेबच मिटला. पण हे पूर्वी बादशहांना म्हणायचं. पुढे सांस्कृतिक क्रांतीत सगळा देश माओंसाठी तेच घोकत होता, आणि माओ १९७६ साली, वयाच्या ८२व्या वर्षी गेले. ऐन विशीत आजोबांनीही ते घसा बसेपर्यंत म्हटलेलं. नकोच.

उरलं सदाबहार ‘फू रू तुंग हाय, शौ पी नान शान’. सुख पूर्वेच्या समुद्राएवढं, आयुष्य दक्षिणेच्या डोंगराएवढं. हा डोंगर म्हणजे शिआनजवळचा चुंगनान, असं बहुतेक जण मानतात. हवा स्वच्छ असली तर दिसतोही. समुद्र मात्र कुठल्या कुठे. (सुखाचं तसंच असतं म्हणा.)

माझा नंबर शेवटी. थोरल्या आत्याबाईंनी समुद्र आणि डोंगर एका दमात उचलले. काकांनी चिरायु मानलेले पाइनवृक्ष आणि क्रौंच पक्षी नेले. शेंबड्या पणतूनेसुद्धा काहीतरी खणखणीत म्हणून टाळ्या घेतल्या.

एवढ्यात वाडगा आला. दीर्घायुष्याच्या नूडल्स! लांबच लांब, आणि मध्ये तोडायच्या नाहीत. तोडल्या तर आयुष्याला कात्री. मी टोक पकडून ओढायला लागलो. ओढतोय, ओढतोय, संपतच नाही. तोच कुणीतरी पुकारलं, “आता भारताचे पाहुणे!”

चावावं तर आजोबांवर बेतणार, बोलावं तर नूडल शेजारच्या मावशींच्या मांडीवर. मी उठून नुसते हात जोडले. आजोबांनीही तत्परतेने जोडले. त्यांच्याही हनुवटीखाली वीतभर नूडल लोंबत होती.