१९६९ कॅमॅरोच्या टायरबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमच्या शेव्हरोले कॅमॅरोला मागे २७५ चे (म्हणजे २७५ मिलिमीटर रुंद) टायर मागितले तरी आम्ही २५५ वर अडून बसलो, मापं घ्यायचे वेगळे पैसे लावले, आणि तुमच्या मित्राच्या १९६९ च्याच गाडीला २७५ छान बसलेत, असं तुमचं म्हणणं आहे.

पैशांचं आधी. ते आम्ही सगळ्यांकडूनच घेतो आणि एस्टिमेटच्या पहिल्या ओळीत लिहितो. तुमच्याही लिहिले होते.

आता टायरचं. उभ्या गाडीत २७५ मावतो, हे खरंय. घासतो तो गाडी खड्ड्यात आदळल्यावर. म्हणून आम्ही मागचे शॉक अॅब्सॉर्बर सोडवून एक्सल जॅकने पार वरपर्यंत चढवतो आणि तिथे माप घेतो. १५ बाय ८ इंचाचं रिम, साडेचार इंच बॅकस्पेसिंग (रिमच्या आतल्या कडेपासून ते जिथे बोल्टने बसतं तिथपर्यंतचं अंतर) आणि २५५/६० चा टायर (६० म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के) लावून पाहिलं, तर डावीकडे टायर आणि फेंडरची, म्हणजे चाकावरच्या पत्र्याची, आतली कड यांत जेमतेम ८ मिलिमीटर उरले, उजवीकडे १५. त्याच रिमवर २७५/६० म्हणजे दोन्ही अंगांनी साधारण १०-१० मिलिमीटर जास्त, शिवाय उंचीही जवळपास एक इंचाने वाढते. डावीकडे तो थेट पत्र्यावर चढला असता. ती कड साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, कापते, आणि हायवेवर घरची माणसं बसलेली असताना हे व्हायला नको. बरं, रिम आत सरकवावं तर मागच्या एक्सलची लीफ स्प्रिंग (पट्ट्यांची स्प्रिंग) आड येते.

डावं-उजवं सारखं नसणं या वयाच्या गाड्यांत नेहमीचंच. मित्राच्या फेंडरची कड आत वळवलेली आहे का, एकदा हात घालून बघा. कारखान्यातून १९६९ ची झी/२८, म्हणजे कॅमॅरोचं वेगवान मॉडेल, सुद्धा १५ बाय ७ च्या रिमवरच यायची. जागा मुळात तेवढीच.

पुढच्या चाकांना २५५ ला नाही म्हणालो, कारण स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर फेंडरच्या खालच्या कोपऱ्याला लागत होता. त्यात तुमच्या गाडीला पॉवर स्टेअरिंग नाही. पार्किंगमध्ये हात भरून आले असते.

मागे २७५ हवेच असतील, तर करता येतात. कड वळवायची, पण त्यात रंगाला तडा जाऊ शकतो. नाहीतर आतलं व्हील-वेल कापून रुंद करायचं आणि स्प्रिंग आत घ्यायच्या. तुमच्या गाडीचा रंग अजून कंपनीचा आहे. अशी गाडी आता सहजासहजी बघायला मिळत नाही, आणि तुम्ही तोंडाने हो म्हटल्याशिवाय तिच्या पत्र्याला मी कटर लावणार नाही.

कुठल्याही शनिवारी सकाळी गाडी घेऊन एडिसनला आमच्या गॅरेजवर या. डावं मागचं चाक तुमच्यासमोर वर चढवून दाखवतो. मापांचे पैसे पुन्हा लागणार नाहीत, आणि काम करायचं ठरलं तर आधी घेतलेलेही बिलातून वजा करू.